नाव गुप्त ठेवणेबाबत

३ सप्टेंबर, अकोला

बदली होऊन इथल्या औषध भांडारात हजर झाले. साडेदहाला सही, पावणेअकराला काम संपलं. काम म्हणजे एक खुर्ची. बिघडलेलं सामान ठेवतात त्या खोलीत. सात बंद फ्रीज, एक मोडका वजनकाटा आणि मी. भांडारपाल भला माणूस. म्हणाले, "मॅडम, आदेशात 'पुढील आदेशापर्यंत' लिवलं हाये. काम कोनतं द्याचं थे लिवलंच नाई. बसा आरामात."

दुपारी आदेशासोबतचे कागद चाळले तर त्यात अमरावतीच्या जिल्हा कार्यालयाचं ते पत्र. आजवर नुसतं ऐकून होते, आज डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्टमध्ये मी तिथे तक्रारीचा अर्ज दिला, त्याच्या शेवटी दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'माझे नाव गुप्त ठेवावे.' कार्यालयाने अर्ज पुढे पाठवला. वर ठळक अक्षरात:

विषय : श्रीमती वैशाली प्रमोद खेरडे, औषध निर्माण अधिकारी, यांचे नाव गुप्त ठेवणेबाबत.

प्रत माहितीस्तव वैद्यकीय अधिकाऱ्यांना. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज, त्यांनाच. शिवाय तालुक्याला. शिवाय 'सर्व संबंधित', म्हणजे नोटीस बोर्डावर.

हसू आलं. खरंच आलं. मग एका फ्रीजला टेकून रडून घेतलं. खोलीत कोणी येत नाही हा फायदा.

५ सप्टेंबर

एकदा सगळं सलग लिहून ठेवते. लोक इतक्या तऱ्हेने सांगून राहिलेत की उद्या मलाच आठवणार नाही खरं काय ते.

जुलैत मी वलगावला रजेवर. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. तेव्हाच धारणीच्या पुढे, आमच्या आरोग्य केंद्राकडची लाइन पावसात तुटली. सहा दिवस वीज नाही. जनरेटर होळीपासून बंद. लसीच्या फ्रीजमध्ये दोन ते आठ अंश हवे. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान पाहून वहीत लिहायचं, पुढे सही. हे काम माझं.

वीस जुलैला परत रुजू झाले. वही उघडली. सहाही दिवस, दोन्ही वेळा, चार अंश. पुढे 'वै. खे.' माझी आद्याक्षरं, माझं अक्षर नाही. आणि लिहिणाऱ्याला लिहिण्याची लय लागली असावी, कारण एकतीस तारखेपर्यंत सगळे रकाने भरले होते. वीस तारखेला मी एकतीस तारखेचं तापमान वाचलं. फोटो काढले.

अठरा तारखेला याच लसीने दोन गावांत सत्र झालं होतं. गोवरची लस, एकोणसाठ लेकरं. रिकाम्या बाटल्या बादलीत होत्या. बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, तो काळसर झाला की लस उष्णतेने गेली, फेकायची. सगळे काळसर.

आमच्या डॉक्टरांना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, विचारलं. त्यांनी दार लोटलं. "मॅडम, टार्गेट होतं. आणि त्यानं लेकरांना काही होत नाही." बरोबर आहे. अपाय नाही. उपयोगही नाही. एकोणसाठ आयांना वाटतं की आपलं लेकरू गोवरातून सुटलं, आणि ते सुटलेलं नाही. मी म्हटलं, पुन्हा डोस द्या. ते म्हणाले, "काय कारण लिहू? कागदावर सगळं व्यवस्थित आहे."

हेही लिहायला हवं की डॉक्टर वाईट माणूस नाही. चढलेल्या ओढ्यातून बाळंतीण खांद्यावर आणलेली मी पाहिली आहे. त्यामुळेच गावात माझं कोणी ऐकत नाही.

आणि हेही. अर्ज मी लेकरांसाठी दिला की माझ्या खोट्या सहीसाठी? दोन्हीसाठी. आधी कशासाठी ते मला सांगता येत नाही.

८ सप्टेंबर

फ्रीज मोजले. सातच आहेत.

१५ सप्टेंबर, वलगाव

सुटीचा दिवस घरी. प्र. बडनेऱ्याला गाडीवर घ्यायला आले. वाटेत शेतातल्या शेवंतीबद्दल बोलले, मर रोगाबद्दल बोलले, माझ्याबद्दल काही नाही. नवरा चांगला आहे. चांगली माणसं बोलायचं टाळतात तेव्हा फार लांबून टाळतात.

सासूबाई: "डाक्टर देवमानूस हाये म्हन्ते. तू काहून त्याच्या मांगं लागली?"

ईशू दहावीत. माझ्याविना स्वतःचा डबा भरते, आजीच्या डोळ्यात थेंब टाकते. भांडी घासताना मागे येऊन उभी राहिली.

"आई, तू माफी मागून टाक ना."

"कशाची?"

"माहीत नाही. पण माग."

२३ सप्टेंबर, अमरावती

एक दिवसाची रजा टाकून जिल्हा कार्यालयात. पत्र लिहिणारे गावंडेबाबू सापडले. निवृत्तीला आलेले, टेबलावर गणपती, चष्मा दोऱ्याने बांधलेला.

म्हटलं, गावंडेबाबू, मी नाव गुप्त ठेवा म्हणून लिहिलं होतं.

"मंग? थेच तं लिवलं विषयात."

"विषयातच माझं नाव आहे."

"मॅडम, नाव नाई लिवलं तं कोनाचं नाव गुप्त ठेवाचं, थे वरच्यायले कसं समजन?"

चहा पाजला. चेहऱ्यावर काडीचंही कपट नव्हतं. मला त्याचीच भीती वाटली. कपट असतं तर भांडता आलं असतं.

चौकशी कधी? "चालू हाये." पुन्हा डोस देण्याबद्दलचा माझा दुसरा अर्ज? "थो चौकशीले जोडला." म्हणजे चौकशी संपेपर्यंत लेकरांना डोस नाही.

७ ऑक्टोबर, अकोला

इथल्या एका वकिलांकडे गेले. तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा आहे का म्हणून विचारलं. "आहे ना. मंजूर झालेला आहे." मग? "लागू झालेला नाही." पंखा पुसत पुसत सांगितलं त्यांनी. त्या कायद्यापेक्षा तो पंखा उपयोगाचा वाटला.

स्मरणपत्र क्र. ३ पाठवलं.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. केंद्राच्या व्हॉट्सॲप गटातून मला ऑगस्टमध्येच काढलं होतं, पण नर्सताईंनी दरवर्षीसारखा फराळाचा फोटो चुकून मला वेगळा पाठवला. दोन मिनिटांत पुसून टाकला. चकल्या छान झाल्या होत्या.

वहीत ते आकडे तिनेच भरले, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मला माहीत आहे, तिला माहीत आहे की मला माहीत आहे. सहा वर्षं एका डब्यातून जेवलो आम्ही.

१२ नोव्हेंबर

फुलवंतीचा फोन. केंद्रातली परिचर, कंत्राटी. फ्रीज पुसण्याचं काम तिचं. वीज गेली तेव्हा तळाशी साचलेलं पाणी तिनेच काढलं, भिजलेली खोकी तिनेच उन्हात घातली. हे सांगायला तयार असलेली ती एकटी. तिच्या घरी रेंज नाही, टेकडीवर चढून बोलते, वाऱ्यात अर्धे शब्द जातात.

"मॅडम, मेरा ऑर्डर नही आया इस बार. सबका आया. डॉक्टरसाब बोले सही बाकी है."

"तू काय म्हणालीस?"

"कुछ नही. मैने पूछा झाडू मारू क्या. बोले मार."

कंत्राट वाढवल्याचा आदेश नाही, तरी महिनाभर पगाराविना झाडून राहिली ती. मी सांगितलं, तू जबाब देऊ नको, माघार घे, मी समजून घेईन. मग म्हणाली, "पानी तो मैनेच निकाला ना मॅडम."

मी तिला यात ओढलं. माझी नोकरी पक्की आहे, फार तर खुर्चीवर बसवतील. तिची काय पक्की आहे? झाडूसुद्धा केंद्राचा.

२५ नोव्हेंबर

अकोला स्टेशनवर गाडी येताना मी आता मागे सरकून खांबाला धरून उभी राहते. तसं काही नाही. पण सरकते.

प्र.ला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही.

२६ नोव्हेंबर

भांडारपालांना सांगितलं. का त्यांनाच, माहीत नाही. ते उठून आत गेले. मग लसींच्या मोठ्या शीतगृहाची वही आणून पुढ्यात ठेवली. "आजपासून तापमान तुमी लिवत जा. आदेशात नाई, पन कोनी बोंबललं तं बोंबलू द्या." दिवसातून दोनदा उठून जायचं, काटा पाहायचा, लिहायचं. खरं तेच लिहायचं. संध्याकाळी जेवण गेलं.

९ डिसेंबर, वलगाव

प्र. नी एक कागद आणून दिला. फुलबाजारात कोणीतरी गाठून दिला म्हणाले. कोण ते सांगेनात. टाइप केलेला आहे, फक्त सही हवी.

'सदर तक्रार मी गैरसमजातून केली असून माझी आता कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.'

"सही कर असं मी म्हनत नाई," प्र. म्हणाले.

"मग आणला कशाला?"

"आनला नसता तं तुले वाटलं असतं म्या लपवला."

कागद ट्रंकेत आहे. गैरसमज हा शब्द पाहत बसले होते. सहा दिवस वीज नव्हती हा माझा समज. बाटल्या काळ्या होत्या हा माझा समज. मुकाट्याने सही केली तर ईशूच्या परीक्षेला मी घरी असेन. हे मात्र कोणाच्याच समजण्याचा प्रश्न नाही, असेनच.

सही केली नाही. धैर्याने नाही. पेन सापडत होतं, हात उचलत नव्हता.

२ जानेवारी, अकोला

स्मरणपत्र क्र. ९.

९ जानेवारी

फुलवंती. टेकडीवरून.

"मॅडम, नीचेवाले गाँव मे तीन बच्चोंको माता आई है. बुखार, लाल दाने. मेरे भाई की लडकी भी है."

अठरा जुलैला त्या गावात सत्र झालं होतं. पोरगी यादीत होती का विचारलं. होती. कार्डावर शिक्का आहे.

गोवरच असेल असं नाही. घामोळं असेल, दुसरा काही ताप असेल. रक्ताचे नमुने घेतलेत, कुठे पाठवले ते तिला माहीत नाही. मी तिला सांगितलं पाणी पाज, अंधाऱ्या खोलीत ठेव, डोळ्यांकडे लक्ष दे, श्वास जोरात चालला तर धारणीला ने, कोणाचं ऐकू नको. फोन ठेवला.

पाच महिने. अकरा कागद. तीन लेकरं. मी जरा मोठ्याने बोंबलायला हवं होतं का? रस्त्यावर बसायला हवं होतं? मी स्मरणपत्रं पाठवत होते, क्रमांक टाकून.

१३ जानेवारी

फुलवंतीची भाची बरी आहे. बाकी दोघांतलं एक धारणीच्या दवाखान्यात. नमुन्यांचा रिपोर्ट आलेला नाही.

कार्यालयाला तातडीचा मेल केला. पोच आली: 'आपला अर्ज चौकशीस जोडण्यात आला आहे.'

१९ जानेवारी

आज जे आलं ते तीनदा वाचलं, मग भांडारपालांना वाचायला दिलं, की मला वेड तर लागलं नाही.

प्रजासत्ताक दिनी अमरावतीत जिल्ह्यातल्या उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचा सन्मान. आमच्या केंद्रातून एक नाव. श्रीमती वैशाली प्रमोद खेरडे. कामगिरी: 'उत्कृष्ट शीतसाखळी व्यवस्थापन. वर्षभरात तापमानात एकही तफावत नाही.'

एकही तफावत नाही. नसणारच.

गावंडेबाबूंना फोन लावला. "अभिनंदन मॅडम. यादी कम्प्युटरनं काढली. तुमच्या वहीत वर्षभर एक डाग नाई." माझी तक्रार त्याच वहीबद्दल आहे हो. "थी फाइल अलग हाये. हे टेबल अलग."

हा डाव आहे की मूर्खपणा, कळत नाही. डाव असता तर निदान कोणी माझा विचार केला असता.

२१ जानेवारी

डॉक्टरांचा फोन. ऑगस्टनंतर पहिला. आवाज बसलेला.

"मॅडम, सन्मान घ्या. सगळं मिटेल. वलगावजवळच्या केंद्रात जागा आहे, जिल्ह्याचे साहेब द्यायला तयार आहेत. मुलीची दहावी आहे ना?"

मी म्हटलं, आणि लेकरं?

"पुढच्या सत्रात मी त्या सगळ्यांना पुन्हा डोस देतो. स्वतः जाऊन देतो. शब्द देतो तुम्हाला."

"नोंद करून?"

मग म्हणाले, "नोंद कशी करणार मॅडम. कागदावर त्यांना आधीच दिला आहे. पण दंडात तर जाईल ना."

मला रडू आलं, कारण ते खरं बोलत होते. नोंदीशिवाय का होईना, लस दंडात गेली तर लेकरू वाचतं. माझ्या अर्जाने आजवर एकाच्याही दंडात काही गेलेलं नाही. मी उद्या सांगते म्हटलं.

२२ जानेवारी

फुलवंतीला विचारलं. तिलाच विचारायला हवं होतं आधीपासून. गाव तिचं, भाची तिची.

ती म्हणाली, "देंगे तो अच्छा है. पर किसको दिया, किसको नही, किधर लिखा रहेगा? जो घर पे नही मिला उसका क्या? महुआ बिनने जाएगा, जंगल मे रहेगा. फिर कौन ढुंढेगा उसको?"

बरोबर. एकोणसाठ जण शोधायचे तर यादी हवी, गाडी हवी, दोनतीन फेऱ्या हव्या. चोरून एकोणसाठ होत नाहीत. दहा होतील, पंधरा होतील, आणि डॉक्टरांचं मन हलकं होईल.

डॉक्टरांना कळवलं. सन्मानाला जाणार नाही. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम." रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

२५ जानेवारी, वलगाव

घरी आले. प्र. ला सांगितलं उद्या मी मैदानावर जाणार नाही. का तेही सांगितलं. सन्मान घेतला म्हणजे वही खरी ठरली, वही खरी म्हणजे तक्रार खोटी, तक्रार खोटी म्हणजे लेकरांना डोस नाही. ऐकलं त्यांनी. मान हलवली.

उद्याच्या हारांचं आणि पुष्पगुच्छांचं काम यंदा आमच्याकडेच आहे. दिवसभर अंगणात शेवंती ओवत बसलो आम्ही. ईशूपण बसली. माझ्याच सन्मानाचा गुच्छ आमच्यापैकी कोणी बांधला कोणास ठाऊक. ईशू म्हणाली, "आई, तुझावाला मी गुलाबाचा करू?" मी म्हटलं सगळे सारखे कर. आम्ही तिघं हसलो. फार दिवसांनी बरं वाटलं.

२६ जानेवारी

प्र. सहालाच टोपल्या घेऊन गेले. मी घरी. सासूबाई टीव्हीवर दिल्लीची परेड पाहत होत्या.

साडेअकराला परत आले. अंगात पांढरा शर्ट, हातात गुच्छ आणि काचेची चौकट. चौकटीत माझं नाव.

तेच बोलले, दारातच उभं राहून.

"म्या मुद्दाम नाई केलं, वैशाली. टोपलं घेऊन स्टेजच्या बाजूले उभा होतो. तुहं नाव पुकारलं. कोनी उठे ना. पुन्हा पुकारलं. लोक इकडं तिकडं पाह्यले लागले. मांगून कोनी तरी हासलं. तिसऱ्यांदा पुकारलं न मले राहावलं नाई. इतक्या मोठ्या मैदानात तुहं नाव, न कोनीच नाई त्याच्यासाठी."

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि स्टेजवर गेले. माईकवर सांगण्यात आलं, श्रीमती खेरडे यांच्या वतीने त्यांचे पती सन्मान स्वीकारत आहेत. टाळ्या झाल्या. पोचपावतीवर सही केली. फोटो निघाला.

मी काय बोलले ते लिहीत नाही. ईशू घरात होती, तिने ऐकलं. तिने आयुष्यात माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं असं.

२७ जानेवारी

चौकट धान्याच्या कोठीवर पालथी आहे.

राग ओसरला की दिसतं ते असं: सहा महिन्यांत माझ्या नावाचा कोणी कागद केला, कोणी विषय केला, कोणी खोटी सही. त्या नावासाठी उठून उभा राहिला तो हा एकच माणूस. आणि त्यानेच बुडवलं.

फुलवंतीला अजून सांगितलेलं नाही.

२८ जानेवारी

कार्यालयाचा माणूस घरी येऊन नोटीस देऊन गेला. चौकशीची सुनावणी लागली. परवा, सकाळी अकरा. सहा महिने जी लागत नव्हती ती सन्मानानंतर दोन दिवसांत. नोटिशीत एक ओळ: 'आपण शीतसाखळी व्यवस्थापनाचा सन्मान स्वीकारलेला असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात का येऊ नये, याचा लेखी खुलासा सुनावणीपूर्वी सादर करावा.'

फुलवंतीला सांगितलं. सगळं. प्र. चंही. ती म्हणाली, "भाऊने प्यार से किया होगा." मग म्हणाली, "मै आती हूँ फिर भी."

२९ जानेवारी

नमुन्यांचा रिपोर्ट अजून नाही. दवाखान्यातलं लेकरू घरी गेलं, पण नीट दिसत नाही त्याला, असं फुलवंती म्हणते.

प्र. नी संध्याकाळी पाटाचं पाणी सोडून येऊन हात पुसत सांगितलं, "तुले काय लिवाचं थे लिव. मले इचारू नको." मी म्हटलं, तुम्ही वाचाल का आधी? "नाई."

३० जानेवारी, अमरावती, कार्यालय

बाकावर बसून लिहिते. फुलवंती शेजारी. काल दुपारी निघाली, जीप, मग परतवाड्याची एसटी, बहिणीकडे मुक्काम, आज इथे. नवी साडी नेसून आली आहे, पदराच्या गाठीत भाचीचं लसीचं कार्ड. मध्येमध्ये गाठ चाचपते. चहा घेतला नाही. जबाब झाल्यावर पिईन म्हणाली.

गावंडेबाबूंनी खुलाशाचा छापील नमुना दिला. तीन रकाने. एक: सन्मानपत्र स्वतः स्वीकारले काय? 'नाही' लिहिलं. दोन: नसल्यास कोणी स्वीकारले? तीन: त्यास आपली संमती होती काय?

पेन थांबलं तसं गावंडे वाकून हळू आवाजात म्हणाले. त्यांना खरंच माझी काळजी आहे. "मॅडम, होती लिवलं तं तुमची तक्रार गेली. नव्हती लिवलं तं तक्रार राह्यते. पन भाऊंनी पावतीवर 'पत्नीच्या संमतीने' असं लिवून सही केली हाये. मंग शासनाले खोटं लिवून दिलं म्हून त्यायच्यावर कार्यवाही काहाडा लागन. माह्याच टेबलावर येईन थे." चष्म्याचा दोरा सारखा करत: "म्या काहाडीन बराबर. माहं कामच हाये थे."

'नव्हती.' तीन अक्षरं. इतके महिने मी हेच तर म्हणत आले, जे झालं ते लिहा. वहीत जे दिसलं ते लिहा, कोणाचं असो. नर्सताईबद्दल लिहिलं तेव्हा सहा वर्षांच्या डब्याचा विचार केला नाही मी. डॉक्टरांच्या खांद्यावरच्या बाळंतिणीचा केला नाही. केला, पण लिहिलं.

खिडकीतून प्र. दिसतात. कडुनिंबाखाली गाडी लावून तिच्यावर बसले आहेत, पाठ इकडे. त्यांना माहीत नाही कार्यवाहीचं. मी बाहेर जाऊन सांगितलं तर म्हणतील, लिव. म्हणून गेले नाही. त्यांनी लिव म्हणावं आणि मी लिहावं, हे मला नको आहे.

फुलवंतीने विचारलं, "क्या लिखना बाकी है मॅडम?"

म्हटलं, एकच शब्द.

ती म्हणाली, "तो लिखो ना," आणि पुन्हा गाठ चाचपली.

अकराला पाच कमी. आत खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो आहे. दुसऱ्या रकान्यात 'माझे पती, श्री. प्रमोद खेरडे' इतकं लिहून झालं आहे. अक्षर चांगलं आलं आहे. तिसरा कोरा आहे.